गेरूच्या पंजावरचा चुना

पातूरला जायचं ठरलं ते एका यंत्रामुळे. अमरावतीच्या एका दंतवैद्याने मोडीत काढलेलं, चाक हाताने फिरवायचं, दात कोरायचं यंत्र मला मिळालं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्या यंत्राच्या सुईने दगडाचा एकेक थर खरवडून चिमूटभर पूड वेगळी काढता येते, आणि तिच्यातल्या क्षारांवरून तो थर साचला त्या काळचं पाणी कसं होतं याचा अंदाज येतो. विहिरींना खारं पाणी लागणाऱ्या खारपाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला ही भूल पडणारच.

सकाळच्या एस.टी.ने मूर्तिजापूरमार्गे अकोला. जुन्या शहरात मोर्णा नदीच्या काठी भजी चांगली मिळतात. पिण्याचं पाणीही तिथेच भरून घ्या. पातूरची गाडी फार हादरते, यंत्र मांडीवर घेऊन बसलो. भाडं मास्तराला परवडेल इतकंच.

पातूरच्या पुढे डोंगरात एक कपार आहे. वरून पाणी झिरपतं आणि भिंतीवर चुना साचतो. तिथल्या एका गावात मूल चालू लागलं की त्याचा गेरूचा पंजा या भिंतीवर उमटवतात. वाट दाखवायला कौसाबाई आल्या. त्यांचा वांग्या-मेथीचा मळा आहे. यंत्र पाहून म्हणाल्या, "दगडाचे दात काढायले आले का मास्तर?"

आत वटवाघूळसुद्धा नव्हतं. त्यांनी एका पंजावर कंदील धरला. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीचा, त्यांच्या मुलाचा. पुढच्याच उन्हाळ्यात तो देवीच्या साथीत गेला. आता पंजावर चुन्याचा दुधी पडदा आला होता. मला नेमकं हेच हवं होतं: साल माहीत असलेला थर.

"तुमी चुना काढता न? मंग माह्या पोराचा हात मोकळा करून द्या."

सगळा चुना काढला तर गेरूही जाईल, हे मी सांगितलं. एका बोटाचं टोक मोकळं करायचं ठरलं. चाक त्यांनी फिरवलं, सुई मी धरली. पूड पांढरी पडत होती. गुलाबी झाली तसा मी थांबलो. थेंबांचा आवाज बंद झाला होता. कधीपासून, ते कळलं नाही.

कौसाबाईंनी त्या टोकावर आपलं बोट टेकवलं. बराच वेळ तसंच ठेवलं.

"गरम लागून राह्यलं," त्या हळूच म्हणाल्या.

मीही हात लावला. ऊब होती, तापलेल्या लेकराच्या अंगासारखी. मी लगेच म्हणालो, "सुई घासली की दगड तापतो, बाई."

"असं काय," म्हणून त्यांनी हात काढून घेतला. उतरताना त्या कंदील घेऊन पुढेच चालत राहिल्या.

घरी आल्यावर मला चैन पडेना. त्याच कपारीतला सुटा चुनखडा आणला होता. पत्नीला चाक फिरवायला बसवलं, तितकाच वेळ, तितक्याच बेताने. सुई उचलली आणि बोट टेकवलं. खडा थंड होता. दुसऱ्या जागी करून पाहिलं, सुई अधिक दाबूनही पाहिलं.

"गरम का व्हायला हवा होता?" पत्नीने विचारलं.

मला माहीत नाही. पण तपासून न पाहिलेलं उत्तर देऊन मी एका आईचं बोट तिथून काढायला लावलं, एवढं खरं. गुलाबी पूड बांधून आणलेली पुडी अजून उघडलेली नाही. उद्या पहिल्या गाडीने पुन्हा पातूरला जातो आहे. यंत्र नेणार नाही. खडा थंड राहिला, एवढंच कौसाबाईंना सांगायचं आहे.