बुडालेल्या जीपमधली मरळ

खोल पाण्यात उतरलेला माणूस अंतर्मुख होऊन वर येतो, असं म्हणतात. वैनगंगेत बुडालेल्या जीपला साखळी बांधून हा पाणबुड्या वर आला आणि त्याने आधी तंबाखूचा खर्रा मागितला.

काठावर क्रेन उभी होती आणि जीपचा पांढऱ्या कपड्यांतला मालक. याच जीपमधून कधीकाळी त्याची विजयी मिरवणूक निघाली होती. निवडणूक जवळ आल्यामुळे ती जीप त्याला पुन्हा रस्त्यावर हवी होती.

पाठीवरचं सिलिंडर उतरवून पाणबुड्या माझ्याशेजारी टेकला. डोळे मिटून, पाण्यात असल्यासारखे हात संथ हलवत म्हणाला, "स्टीअरिंगले वाम मासोळी गुंडाळून बसली. हेडलाइटातून झिंगे ये-जा करून राहिले. मांगच्या सीटवर मरळ पिल्लं राखून राहिली. हिरव्या उजेडात सारं झुलते, जी."

काठावर बसल्याबसल्या मलाही ते दिसू लागलं.

"पिल्लंवाल्या मरळीचं घर आमी मासे धरणारे ढिवर मोडत नाई," तो हळूच म्हणाला.

"बाता कायले हाकून राहिला बे?" मालक ओरडला. "साखळी बांधली का?"

"बांधली ना, मालक. बंपरले."

क्रेनने ओढ घेतली. गंजलेला बंपर तेवढा वर आला. जीपसाठी आणलेला हार मालकाने त्यालाच घातला.