कूलर आणि तानपुरा

जुना ॲम्प्लिफायर बंद पडला तो ऐन मे महिन्यात. नागपूरच्या उन्हाळ्यात माणसं तग धरतात, त्यालाच काय धाड भरली होती कोण जाणे! एक कूलर, खाटेवर बाबा आणि दुपारचं माझं तासभर गाणं ऐकणं, एवढंच माझं जग उरलं होतं. त्यातलं गाणं गेलं आणि घर खायला उठलं.

बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून मी नोकरी सोडून घरीच आहे. त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हो-नाहीपुरते दोनच शब्द उरले, 'हाव' आणि 'नाई'. काही हवं असलं की डाव्या हातातली काठी ते खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजवतात. ती काठी ऐकू येईल तेवढ्याच अंतरात मला राहावं लागतं. न्हाणीघराचं दारसुद्धा मी पूर्ण लावत नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "जा वं तू दुकानात, मी बसते बाबांजवळ. पण लवकर ये, मले सैपाक करायचा आहे."

धरमपेठेतल्या त्या दुकानात गाणं ऐकवायची वेगळी खोली आहे. एसीची. दार लावलं की रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा आत येत नाही. दुकानदाराने दोन ॲम्प्लिफायर मांडले आणि पहिल्यावर माझ्या आवडीचा विलंबित ख्याल लावला. अरे बाप्पा! गायिकेने सूर लावण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. तानपुऱ्याच्या तारा एकेक वेगळ्या. मी डोळे मिटले आणि लगेच दचकून उघडले, कारण मला काठी ऐकू आली. वाजली नव्हतीच. कान असे झालेत माझे.

दुसऱ्याचा आवाज बरा होता. बरा म्हणजे नुसताच बरा. पण त्यात ताकद जास्त होती आणि हेडफोन लावायची सोय होती. पहिल्यात ती नव्हती.

"काय करता हेडफोन, ताई? पहिलाच घ्या. शांत खोलीत याच्यासारखा दुसरा नाही."

शांत खोली! माझ्या खोलीत होळीपासून कूलर घोंघावतो. तो थांबवला तर बाबा पाण्याबाहेरच्या मासोळीसारखे तडफडतात.

"दुसरा बांधून द्या," मी म्हटलं.

"थोडा विचार करा ना."

"विचार करायले टाइम कोणाजवळ आहे, भाऊ?" मी त्याच्यावर खेकसले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

घरी आणला, लावला. कूलरने तानपुरा गिळून टाकला. आवाज वाढवला तर त्या कल्लोळात काठी ऐकू येईना. मग हेडफोन घातले. आता गाणं स्वच्छ, पण काठी अजिबातच नाही. शेवटी एका कानावर हेडफोन आणि दुसरा कान बाबांसाठी उघडा, अशी मी बसू लागले. एवढी यातायात करून अर्धंच गाणं घरी आणलं होतं मी! मला रडू आलं. बाबांचा रागही आला. आला तो आला, काय करू?

बाबा माझ्याकडे बघत असायचे. धडधाकट होते तेव्हा हेच बाबा ओरडायचे, "बंद कर वं ते रडगाणं, डोकं उठलं!" आता तसं म्हणायलाही शब्द नव्हते.

एका दुपारी कूलर थांबला. लाइट गेली असं वाटलं, पण ॲम्प्लिफायरचा दिवा चालू होता. वळून पाहिलं तर बाबा खाटेवर अर्धे कलंडलेले. काठीचं टोक उशाजवळच्या बटणावर.

"काय करून राहिले बाबा! पडले असते ना!" मी धावले आणि त्यांना सरळ केलं. कूलर लावायला हात पुढे केला तर त्यांनी काठी बटणावर आडवी धरली.

"नाई."

मग काठी उचलून स्पीकरकडे दाखवली.

मी हेडफोनची पिन उपसली. खोलीत तानपुरा भरला, दुकानात ऐकला होता जवळजवळ तसाच. पण खरं सांगते, मी एकही सूर ऐकला नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम ओघळून कानात जात होता, तेवढंच दिसत होतं. ते मात्र माझं तोंड न्याहाळत होते, आवडतंय की नाही ते. म्हणून मी डोळे मिटून मान डोलवत राहिले. मिनिटं सरता सरेनात.

"मस्त झालं बाबा," गाणं संपल्यावर मी म्हणाले.

"हाव," ते म्हणाले, आणि मग मला कूलर लावू दिला.

दुसऱ्या दिवशी मी गाण्याकडे फिरकलेच नाही. मुद्दाम डाळ निवडत बसले. कूलर थांबला. पाठोपाठ दांड्यावर काठी वाजली, एकदा, दोनदा.

"आज नको ना बाबा. हात जोडते."

"नाई."

मी डाळीचं ताट बाजूला ठेवलं. ॲम्प्लिफायर लावला, टॉवेल थंड पाण्यात भिजवून त्यांच्या छातीवर पसरला आणि खाटेशी बसून पुन्हा मान डोलवू लागले.