हलवून बघणारी सरपंच

आमच्या प्रयोगशाळेतल्या सरपंचाचा चांगल्या बातमीवर कधी विश्वास बसला नाही. आम्ही टाळ्या पिटायचो आणि ती म्हणायची, "आधी हलवून बघा." अंथुर्ण्याची ही पोरगी भांडणं मिटवण्यात पटाईत, म्हणून तिला सरपंच म्हणायचे. मी शेजारच्या शेळगावचा, त्यामुळे तिचा कारभार मला जरा जास्तच सोसावा लागे.

ही खोड घरचीच. तिचे वडील, तात्या, डाळिंबाच्या रोपाला काठी बांधली की तिला हिसका देऊन बघायचे. ही खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची हलवायची. "आता भिंत हलव," असं मी चिडवलं, तर खरंच भिंतीला हात लावायची.

तिचं काम युरेनियमच्या एका संयुगावर होतं. ते कळल्यावर चुलती घाबरली, "अगं, बाँब करती का काय?" तात्यांना वेगळीच शंका. "चुंबकाला चिकटतं का?"

"न्हाय तात्या, साध्या चुंबकाला त्यो खडा दाद देत न्हाय. लई थंड करायचा अन् मोठ्या चुंबकाचा जोर वाढवत न्यायचा. मग एका जागी त्याचं चुंबकपण एकदम उसळंल, असं मला वाटतंय."

त्या उसळण्यावरच तिची पीएच.डी. उभी होती. ते दिसलं नाही तर एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात.

आणि एके दिवशी दिसलं! आलेखाची सपाट रेघ ताडकन उभी राहिली. आमच्या गाइड सरांनी पेढे मागवले. सरपंचानं पेढ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातमोजे चढवले, खडा बाहेर काढला आणि चिमट्यानं हलवला. तो हलला. थंडीनं खडा चिकटवलेला गोंद तडकला होता आणि सुटा झालेला खडा चुंबकाच्या जोरानं नुसता फिरला होता. उडी खोटी होती. सरांचं तोंड एवढंसं झालं. मला तर तिचा रागच आला.

तिनं खडा दोन्ही बाजूंनी आधार देऊन पुन्हा बसवला, हिसका देऊन पाहिला, थंड केला. चुंबकाचा जोर वाढत गेला. मागच्या उडीची जागा आली आणि गेली, रेघ ढिम्म.

"थांबूया आता," सर हळूच म्हणाले.

"वाढवा सर. अजून दम हाय चुंबकात."

वाढवला. अगदी शेवटाकडे रेघ अशी उसळली की मी स्टुलावरून उठलोच. खडा बाहेर आला. तिनं हलवला. तसूभर हलला नाही! मग मात्र सरपंचानं सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी शिट्टी मारली. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

गेल्या महिन्यात ती परदेशी निघाली, याहून मोठ्या चुंबकाकडे. बारामतीच्या स्टँडवर तात्यांनी बॅगेच्या दोरीला हिसका दिला.

"ती उडी खरी ना गं?"

"हलवून बघितलीया, तात्या."

त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले. ती हसत, पाय रोवून उभी राहिली.

"हलत न्हाय," तात्या माझ्याकडे वळून म्हणाले. "जाऊ द्या हिला."