हौसाबाईचे कानकाटे बोके

मी जात्याच संशयी माणूस. कोणी न विचारता चहा पाजला तर मी आधी दूध हुंगतो. पनवेलच्या मासळी बाजारामागच्या गल्लीत छत्र्या आणि कंदील दुरुस्त करत माझी हयात गेली, आणि त्या गल्लीत भोळ्या माणसाचा टिकाव कधी लागला नाही. तेव्हा हौसाबाई राहायला आली त्या दिवशी पहिला संशय मलाच आला, यात नवल ते काय?

ती खाडीपलीकडच्या बेलपाड्याची, आगरी घरातली. नवरा मिठागरावर तापाने गेला, मूलबाळ नाही, दिराच्या घरात एक पडवी तेवढी वाट्याला आलेली. ती सोडून ही बाई एकटी पनवेलला आली आणि गंगाबाई कोळणीच्या अंगणातलं झोपडं भाड्याने घेऊन सुके बोंबील विकायला बसली. अंगण गंगाबाईचं, वाळवणाच्या काठ्या गंगाबाईच्या, आणि बसणार ही! चेहरा सदा एरंडेल प्यायल्यासारखा. गिऱ्हाइकाने बोंबील हुंगून पाहिला तर म्हणायची, "हुंगताव काय? फूल हाय काय ते?" अशी बाई बोंबलाची डोकी मात्र वेचून बाजूला ठेवायची आणि दुपारी मांजरांना घालायची. माणसाशी वाकडं आणि मांजराशी गोड, हे काही सरळ लक्षण नव्हे.

आणि मांजरं तरी किती! मासळी बाजार शेजारी, मग काय विचारता. बोक्यांच्या भांडणांनी कौलं फुटायची, जाळ्यांच्या ढिगात पिल्लं, भाताच्या पोत्यांत पिल्लं, एकदा तर माझ्या दुरुस्तीला आलेल्या छत्रीत पिल्लं. मारायची सोय नाही. मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला वाहावी लागते, आणि आमच्या गल्लीतलं सगळं सोनं गंगाबाईच्या नथीत. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय चालत आला होता. मांजरं पोत्यात भरायची आणि खाडीपलीकडे जाणाऱ्या होडीतून तिकडच्या काठावर सोडायची. पाप नाही आणि ताप नाही. तरीही मांजरं कमी म्हणून होत नसत.

का होत नसत ते हौसाबाईनेच मला सांगितलं. "आमी पल्याडची माणसं काय करायचो म्हाईत हाय? बाजाराच्या दिवशी भाताच्या गोणींबरोबर मांजरांची येक गोण हितं आणून सोडायचो. तुमची आमाला, आमची तुमाला. मांजरांना फुकटची होडी." एवढं बोलून ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि लगेच सावध झालो, कारण हसल्यावर ती काहीतरी मागणार हे उघड होतं. तिने छत्रीचं जुनं काळं कापड मागितलं. त्याची बाहीसारखी लांब, अरुंद पिशवी शिवून हवी होती.

"कशाला?" मी विचारलं.

"तुमाला काय करायचंय?"

आता काळं कापड, वर अशी पिशवी, आणि कारण सांगायचं नाही. मी पिशवी शिवून दिली आणि तिच्यावर डोळा ठेवला.

त्याच आठवड्यात गल्लीतला सगळ्यात दांडगा बोका नाहीसा झाला. दोन दिवसांनी परत दिसला तो डाव्या कानाचा शेंडा छाटलेला आणि स्वभावाने गरीब गाय. मग दुसरा बोका गेला, तोही तसाच परतला. तिसरा, चौथा, सगळ्यांचा डावा कान एकाच ठिकाणी छाटलेला. एकही ओरडेना, एकही भांडेना. इतकी वर्षं बोक्यांच्या ओरडण्याला शिव्या घालणारी गल्ली आता त्या शांततेला घाबरू लागली. कोणी म्हणे ही मुंबईच्या औषधवाल्यांना मांजराचं रक्त विकते, कोणी म्हणे कानांची माळ करते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मी मात्र ऐकीव गोष्टींवर जाणारा माणूस नाही. एका दुपारी ती डोक्यावर पाटी घेऊन निघाली तेव्हा दुकानाला कुलूप लावून मी तिच्या मागे गेलो. ती गेली ती थेट गुरांच्या दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये. तिथे धर्मराज नावाचा ड्रेसर होता. आयुष्यभर बैल खच्ची करत आलेला आडदांड माणूस. हौसाबाईने पाटीतून पिशवी काढली. आत बोका, डोकं आत आणि मागची बाजू बाहेर. धर्मराज हत्यार घेऊन पुढे सरसावला, तशी ती त्याच्या अंगावर ओरडली.

"आदी दवा हुंगव! बैलाला पाडताव तसा माझा बोका पाडायचा नाय."

"अगं, क्षणाचं काम आहे."

"क्षण तुझा. दुखणार त्याला."

मग धर्मराजने औषधाचा बोळा हुंगवला, बोका ढिला पडला आणि खरोखरच क्षणात काम झालं. कानाचा शेंडा छाटला तो खुणेसाठी, म्हणजे तोच बोका पुन्हा पकडून त्याला पुन्हा त्रास द्यायला नको. पुढचे दोन दिवस ती त्याला झोपड्यात कोंबड्यांच्या डालीखाली ठेवायची, हळद लावायची, बोंबलाचं पाणी पाजायची आणि जिथून पकडला तिथेच नेऊन सोडायची. धर्मराजला मोबदला काय, तर सुके बोंबील.

मी तिथल्या तिथे तिला गाठलं. ती जराही ओशाळली नाही. "बैलाचं करताव त्याला कोन काय बोलत नाय, बोक्याचं केलं की करनी? ह्ये गडी हितंच राहिले तर नवा बोका हद्दीत शिरत नाय. आन्‌ यांच्यापासून पिल्लं नाय. पोतं भरायचं कामच नाय."

गोष्ट पटण्यासारखी होती. मी ती गल्लीत सांगितली, आणि सांगून पस्तावलो. बोक्याला कोणी खच्ची करतं का, असं म्हणून लोक हसले. मग कोणाला तरी आठवलं की काळं कापड माझ्याच दुकानातून गेलंय. तेव्हापासून दोन महिने माझ्याकडे छत्री टाकायलाही कोणी आलं नाही.

हौसाबाईला यात एकाच बाईची साथ होती. गंगाबाईची सून शांती. ती उरणकडची, अबोल पोरगी, कमळाकरशी लग्न होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. सासू बाजारात गेली की ही गुपचूप अंगणात येऊन बोका पिशवीत शिरेपर्यंत त्याचे पाय धरायची. हौसाबाई तिच्यावरही खेकसायचीच. पण दुपारच्या कालवणातली एक वाटी तिच्यासाठी झाकून ठेवलेली असायची, ते मी माझ्या दुकानातून पाहत होतो.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गल्लीत एकाही मांजरीला पिल्लं झाली नाहीत. जाळ्यांच्या ढिगात नाहीत, पोत्यांत नाहीत. आनंदच व्हायला हवा होता. पण गंगाबाईच्या डोक्यात भलतंच शिरलं. मांजरीची कूस बंद आणि घरात सुनेची कूस बंद, दोन्ही एकाच अंगणात! सुनेची कूस हौसाबाई येण्याच्या कितीतरी आधीपासून तशी होती, हे गंगाबाई सोयीने विसरली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, पण गंगाबाईला कावळाच दिसत होता. या बाईने बोक्यांचे कान कापून अख्ख्या गल्लीची कूस बांधली, असं तिने बाजारात दहा जणींना सांगितलं.

आणि एका सकाळी ती नारळ आणि हळदकुंकू घेऊन हौसाबाईच्या झोपड्यासमोर उभी राहिली. गल्ली जमली. मीही हातातला कंदील तसाच टाकून गेलो. कमळाकर खाली मान घालून उभा, शांती घराच्या दारात.

गंगाबाईने नारळ पाटावर ठेवला. "ही एकवीरा आय. हिच्यावर हात ठेव आन्‌ आण घे, तू कूस बांधली नाय म्हनून. आण घेतलीस तर रहा सुखानं, मी पुन्हा बोलणार नाय. पण मग खोट माझ्या सुनेतच हाय. आजच काडीमोड करून तिला उरणला धाडते आन्‌ कमळाकरला दुसरी आणते."

सगळ्यांनी हौसाबाईकडे पाहिलं. कोळी काय, आगरी काय, एकवीरेच्या नारळावर हात ठेवून खोटं बोलणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. आणि हौसाबाईला तर खरंच बोलायचं होतं. तिने पुढे होऊन नारळावर हात ठेवला. माझा जीव भांड्यात पडला. चला, एका वाक्यात प्रकरण मिटलं.

पण ती बोलेना. ती दाराकडे बघत होती. शांतीने चौकट दोन्ही हातांनी धरली होती. माहेरी बाप वारलेला, भाऊ दारुडा, हे गल्लीला ठाऊक होतं. तिथे परत गेलेल्या पोरीचं काय होतं तेही ठाऊक होतं.

हौसाबाईने नारळावरचा हात उचलला, लुगड्याला पुसला आणि मग बोलली.

"आण कशाला? मीच बांधली."

गल्लीत एकदम आरडाओरडा सुरू झाला. कोणीतरी बोंबलाची काठी उपसली. पण हौसाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

"मारलात तर गाठ तशीच रायेल! ऐक गंगाबाय, मी गाठ सोडते. पण ही सून याच घरात, याच चुलीपुढं पायजे. तिनं उंबरा सोडला की गाठ पक्की झाली. दुसरी आणलीस तर तिचीबी कूस बांधली जाईल."

"आन्‌ सुटणार कवा?" गंगाबाईने विचारलं.

"आयच्या मनात येल तवा."

"मग तू माझं अंगण सोड. आत्ताच्या आत्ता."

हे हौसाबाईला ठाऊकच असणार. अंगण गेलं म्हणजे वाळवण गेलं, धंदा गेला, उरली ती दिराची पडवी. तिने डाल उचलली, खाली निजलेल्या बोक्याला बाहेर काढून भिंतीवर ठेवलं आणि पाटी भरायला लागली. मदतीला कोणी पुढे झालं नाही. मीही नाही, कारण छत्रीचं कापड अजून कोणी विसरलं नव्हतं. शांती दारातच उभी राहून रडत होती. उंबरा ओलांडायची आता तिला मनाई होती.

हौसाबाई गेली आणि कानकाटे बोके म्हातारे होऊन एकेक करत संपले. नवे बोके आले. जाळ्यांच्या ढिगात पुन्हा पिल्लं झाली तेव्हा गंगाबाईने त्या मांजरीला दूध पाजलं आणि गल्लीभर गूळ वाटला. गाठ सुटायला लागली म्हणे! शांतीला ती तळहातावरच्या फोडासारखी जपू लागली. जड हंडा उचलू देत नव्हती, उपास करू देत नव्हती. मूल काही झालं नाही, पण आता ते आज होईल, उद्या होईल. मांजरांची पोती पुन्हा होडीतून जाऊ लागली, आणि बाजाराच्या दिवशी पल्याडची पोती येऊ लागली.

गंगाबाई वारली त्यानंतरच्या हिवाळ्यात मी बेलपाड्याला गेलो. हौसाबाई पडवीत वाल सोलत बसली होती. केस पिकलेले, चेहरा तोच, एरंडेलाचा. मी म्हटलं, "गंगाबाई गेली. आता परत ये. तू आण का घेतली नाहीस ते मी गल्लीला सांगतो. तू खोटं बोललीस ते नारळावरून हात काढून बोललीस, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच जणू पोत्यातून आलोय.

"कोनाला सांगितलंस?"

"अजून कोणालाच नाही."

"मग सांगू नको." ती पुन्हा वाल सोलू लागली. "गंगाबाय गेली. पण कमळाकर हाय ना? त्याला नात्यातली मानसं हायत ना? मी चांगली ठरले की उद्या शांती वाईट ठरते. मना हितंच बरं हाय."