निवळ इन्सुलिन

ग्लुकोजची मोठी सुई शिरेत रिकामी केली तेव्हा कुठे नामदेवरावांनी डोळे उघडले. भर दुपारी त्यांना जीपमध्ये घालून मंठ्याला माझ्या दवाखान्यात आणलं होतं. अंग घामानं निथळत होतं, शुद्ध नव्हती.

"मेल्तो का काय मी?"

"मेले असते तं इतकं बोलले असते का?" त्यांच्या पत्नी शांताबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

माझं डोकं मात्र चालेना. साखर उतरत नाही म्हणून मी इन्सुलिनचा डोस दोनदा वाढवला होता. कालपर्यंत ज्या औषधाला साखर दाद देत नव्हती, त्यानंच आज ती तळाला गेली होती.

"मावशी, बाटली आणलीय?"

त्यांनी रुमालातून बाटली काढली. जेमतेम उरलेलं औषध, सायीसारखं घट्ट.

"वरचं निवळ संपलं साहेब. मंग आज तळचंच भरलं."

इथं थोडं सांगावं लागेल. साधं इन्सुलिन पाण्यासारखं असतं, काही तासांत संपतं. ते जास्त वेळ पुरावं म्हणून त्यात माशापासून काढलेलं एक प्रथिन मिसळतात. दोन्हींचे मिळून बारीक कण होतात. ते कातडीखाली सावकाश विरघळतात आणि इन्सुलिन थोडं थोडं सुटत राहतं. पण बाटलीत हे कण तळाशी बसतात. म्हणून दर वेळी बाटली दोन्ही तळव्यांत वातीसारखी वळून मगच सुई भरायची. हे मी शांताबाईंना अगदी रंगात येऊन सांगितलं होतं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, तेव्हा मासा तेवढा वगळला होता.

"मग वळली का नाही?"

"वळली की गढूळ व्हायचं. गढूळ कसं टोचू ह्यांच्या अंगात? गार ऱ्हावी म्हणून वल्या वाळूत ठेवायची बाटली, जरा हालू देत नव्हते."

त्यांच्या गावात टँकरचं पाणी. तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं प्यायचं. नवऱ्याला त्यांनी तेच प्रेमानं दिलं होतं. इतके दिवस जवळजवळ नुसतं पाणी, आणि आज उरलेलं सगळं इन्सुलिन एकदम.

मी समजावून सांगितलं. शांताबाई एवढंच म्हणाल्या, "म्हंजी मीच..."

"गप गं," नामदेवराव म्हणाले, "तू तं चांगलंच पाहिलं माझं."

त्या दिवसानंतर शांताबाईंनी सुईला हात लावला नाही. नर्सला घरी पाठवतो म्हटलं, तर नामदेवराव हट्टाला पेटले. "तिच्या हातानं न्हाई, तं कोणाच्याच न्हाई." कारल्याच्या रसावर राहिले. पुढं पायाला जखम झाली, ती चिघळत वर चढली, आणि दिवाळीच्या आत ते गेले.

आता नवी बाटली दिली की मी भाषण करत नाही. बाटली घरच्या माणसाच्या हातात देतो आणि पहिली सुई माझ्यासमोर भरायला लावतो. आमच्या घरचे म्हणतात, त्यापायी जेवायला रोज उशीर होतो. होतो.