दाराच्या फटीतली कुंची

न्हावऱ्याच्या वरच्या आळीत त्या हिवाळ्यात दिवस उजाडलेला कळायला घड्याळ लागत नव्हतं. धुरपदाबाईच्या नातीला न्हाऊ घालायला घेतलं की पोर असा टाहो फोडायची, की गोठ्यातल्या म्हशीही रवंथ थांबवायच्या. तिची आई शितल आतून कळवळून विचारायची, पाणी फार कढत तर नाही ना. सासूचा चेहरा मात्र खुलायचा. एखाद्या दिवशी पोर गुमान न्हाली, तर धुरपदाबाई तिच्या तळपायाला हळूच चिमटा काढायची. पोर रडली की मगच तिचा जीव भांड्यात पडायचा. आळीतल्या बाया हसायच्या, म्हणायच्या, म्हातारीला अंगाईपेक्षा भोकाड गोड लागतं.

हसणाऱ्यांना हसायला काय जातं? मुलाच्या, पप्पूच्या, आधी धुरपदाबाईला एक मुलगी झाली होती. बारसं व्हायच्या आतच ती गेली, त्यामुळे तिला नावसुद्धा नव्हतं. नवऱ्यानं, तात्याबांनी, तिला ओढ्याकडच्या बांधाला पुरलं आणि वर एक धोंडा ठेवला. आता तिथवर ऊस आलाय. ऊसतोड झाली की धोंडा उघडा पडतो आणि पुढं फुटवे वाढले की पुन्हा उसात बुडतो. धुरपदाबाई त्या बांधानं गवत कापायला कधी जात नाही.

पण पोरीनं तिला सोडलं नव्हतं. थंडी पडावी, शेगडीत निखारे फुलावेत, त्यावर टाकलेल्या ओव्याचा वास सुटावा, की धुरपदाबाईच्या मांडीवर काहीतरी येऊन बसे. ओंजळीएवढं, ऊबदार वजन. ती भाकरी थापत असो की शेंगा फोडत असो, हात जागच्या जागी थांबत. हाक मारावी तर नाव नाही. मग ती पदर सारखा करत ताडकन उठे, आणि उठलं की वजन नाहीसं होई. हे तिनं तात्याबांनाही कधी सांगितलं नाही.

पोर कुणामुळं गेली, याचं उत्तर आळीत तयार होतं. बानूबाईमुळं. बानूबाई ही धुरपदेची थोरली चुलत जाऊ. शेराच्या झुडपांच्या कुंपणापलीकडं तिचं घर. पोटी मूल नाही, नवरा तरुणपणीच गेलेला. पोर जाण्याच्या आदल्या दिवशी ती बघायला आली होती. टक लावून बघत बसली, गुणाची आहे म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं शिवलेली कुंची उशाशी ठेवून गेली. लाल काठाची, पोरीच्या डोक्यापासून पाठीपर्यंत येईल अशी. दुसऱ्या दिवशी पोर गार पडली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते म्हणतात, पण आमच्याकडं फांदी तुटली की कावळ्यालाच धरतात. तेव्हापासून बानूबाईला ना कुणी पाळण्याला बोलावलं, ना डोहाळजेवणाला. धुरपदेनं तर बोलणंच टाकलं. पुढं चैत्रात पप्पू झाला आणि चांगला दणकट निघाला, तेव्हा तिची खात्रीच पटली. बानीला उंबरा ओलांडू दिला नाही म्हणून पोरगा जगला, असं ती ज्याला त्याला सांगायची.

आता पप्पू सणसवाडीच्या एका कंपनीत आहे. पहिल्या शिफ्टला अंधारातच कंपनीची बस धरतो. त्याची बायको शितल दौंडकडची, नदीकाठच्या गावातली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण शितलला आई नव्हती. धुरपदेलाही तिच्या वेळी आई नव्हती. आईवाचून बाळंतीण होणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं सुनेला सांगितलं, तू कुठं जायचं नाहीस, मी आहे. दिवाळी सरताना पोर घरी आली आणि तिचं बारसं धुरपदेनं घाईघाईनं उरकलं. नाव ठेवलं प्राची. निदान नावाला धरून तरी तिला थांबवता येईल, असं म्हातारीला वाटत होतं.

पप्पूनं बाळंतिणीसाठी नवी स्लॅबची खोली बांधली होती. सरकत्या काचेची खिडकी, घट्ट बसणारं दार. वाऱ्यानंही आत यायचं तर विचारून यावं, अशी. न्हाणं झालं की बाजेखाली शेगडी, ओवा आणि बाळंतशेपाची धुरी, मग दार ओढून खाली गोधडीचा बोळा. थंडीपेक्षा धुरपदेला कुंपणाची धास्ती जास्त होती. कारण बानूबाई खरोखरच तिथं उभी असायची. रोज सकाळी, न्हाण्याच्या वेळेला, हातात तांब्या घेऊन. तुळशीला पाणी घालायला एवढा वेळ लागतो होय? शितल बारावी शिकलेली. सुरुवातीला तिनं हे हसण्यावारी नेलं. पण पोर झोपेत हसली की सासू धावत येऊन मीठमोहऱ्या उतरवायची, आणि भीती काय, खोकल्यासारखी असते. एकाच खोलीत राहिलं की दुसऱ्यालाही लागते. महिनाभरात शितलही कुंपणाकडं बघून दार लावायला लागली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी धुकं इतकं होतं की ऊस दिसत नव्हता. तात्याबा कांद्याला पाणी द्यायला गेले होते, म्हणून डेअरीला दूध घालायचं धुरपदेवर आलं. जाताना तिनं सुनेला बजावलं, मी आले की न्हाऊ घालू, तोवर शेगडी आत घे, खोली तापू दे, आणि दार नीट लाव. नेमकं डेअरीतलं दूध तपासायचं यंत्र त्या दिवशी अडून बसलं. रांग हलेना. रांगेत उभ्या उभ्या धुरपदेला एकाएकी ते वजन जाणवलं. मांडीवर नाही, छातीशी. हात मोकळे असून भरल्यासारखे झाले. ती दूध न मोजताच डेअरीच्या कॅनमध्ये ओतून, रिकामी किटली घेऊन घराकडं निघाली.

तिनं अंगणात पाय टाकला. खोलीचं दार सताड उघडं होतं. शितल उंबऱ्यावर पालथी पडून ओकत होती. आणि ओट्यावर, उघड्या थंडीत, बानूबाई बसली होती. तिच्या मांडीवर प्राची होती, दुपटं सोडलेली, मान एका बाजूला कललेली. बानूबाई तिचे तळपाय चोळत होती.

धुरपदेच्या हातातली किटली गळाली. पुढं झेपावून तिनं पोर हिसकावून घेतली. तोंडातून शब्द आले ते इतक्या वर्षांचे साठलेले होते.

"एक खाल्लीस ती पुरली न्हाई व्हय तुला?"

बानूबाईनं पोर ओढून धरली नाही. "निखारं भाईर फेक," एवढंच ती म्हणाली. "आन् पोरीला मोकळ्या वाऱ्यावर धर." तेवढ्यात पोरीनं तोंड वाकडं केलं, आचका दिला आणि बारीक, फाटक्या आवाजात रडायला लागली. धुरपदेनं तिला उराशी धरलं. मान वर केली तेव्हा बानूबाई अंगणातून निघून गेली होती.

दवाखान्यात मायलेकींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई शांतपणे विचारत होत्या आणि शितल मान हलवत होती. डोकं फुटायला झालं होतं का? मळमळ? उठावंसं वाटलं तरी पायांत बळ नव्हतं? मग त्या धुरपदेकडं वळल्या. बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू कोंडतो, म्हणाल्या. त्याला ना वास असतो, ना तो डोळ्यांना दिसतो. माणूस झोपल्या जागी जातं आणि लहान जीव सगळ्यात आधी जातो. कुणीतरी वेळेवर दार उघडलं म्हणून या दोघी वाचल्या.

धुरपदा बाकावर बसली. तिचंही डोकं असंच फुटायला झालं होतं, त्या वेळी. सासूनं दुपारी दार ढकलून उठवलं तेव्हा तीही अशीच ओकली होती, पाय असेच लुळे पडले होते. सासू म्हणाली होती, तुलाही लागली गं नजर. जुन्या घरातली ती माळवदाची खोली तिच्यासमोर जशीच्या तशी उभी राहिली. एकच झरोका, त्यात पोतं कोंबलेलं. बाजेखाली फुललेली शेगडी. आणि दाराची फट. त्या फटीतून बानीचा डोळा आत येईल म्हणून तिनं ती बुजवली होती. कशानं बुजवली, तेही आठवलं. वांझेच्या हातचं कापड पोरीच्या अंगाला लावायचं नाही म्हणून बानूबाईची कुंचीच तिनं फटीत खुपसली होती, बोटांनी दाबून दाबून.

तिला रडू आलं नाही. आपल्याच हातांची भीती वाटली. पप्पू चैत्रातला, उघड्या दारांतला म्हणून वाचला होता. नजरेचा काही संबंध नव्हता. होता तो या दहा बोटांचा.

घरी आल्यावर तिनं नातीला न्हाऊ घालणं सोडलं. कंबर धरली म्हणाली, हात थरथरतात म्हणाली. शितल आता दार उघडं टाकूनच न्हाऊ घालायची आणि पोर पूर्वीसारखीच भोकाड पसरायची. धुरपदा गोठ्यात शेण भरता भरता ऐकायची. प्राची माणूस ओळखून हसायला लागली, आवाजाकडं वळायला लागली. संक्रांतीच्या सुमाराला तिनं मान धरली आणि तात्याबांसारखा शब्दाला महाग माणूसही घरभर सांगत सुटला. धुरपदेनं लांबूनच बघितलं. ते वजन आता दिवसाउजेडी, शेगडी नसतानाही येत होतं. बसली की यायचं, म्हणून ती बसतच नव्हती.

बोरन्हाण ठरलं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, सगळं सुपात गोळा झालं. शितलनं सासूला सांगितलं की पहिली ओंजळ बानूआजी घालतील, तुम्ही बोलवा नाहीतर मी जाते. आवाज चढवला नाही, पण तिच्या बोलण्यात मागं फिरायला जागा नव्हती.

कुंपण इतकं माजलं होतं की पलीकडं जायला वाट उरली नव्हती. हाकेच्या अंतरावरच्या घरी जायला धुरपदा सडकेनं वळसा घालून गेली. बानूबाई पडवीत बाजरी निवडत बसली होती. कुंपणाशी उभी असायची तेव्हा थोराड वाटायची. जवळून बघितलं तर केवढीशी होती.

"बाई," धुरपदा म्हणाली. इतक्या वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघत होता. "बोरन्हाण हाय. पयली वंजळ तुमी घालायची."

बानूबाईचे हात सुपात फिरतच राहिले. धुरपदा उभीच होती. आणखी एक बोलायचं होतं.

"तवा दार मीच लावलं व्हतं. फट बी मीच बुजवली. नजर न्हवती कुणाची."

"ठाव हाय," बानूबाई म्हणाली. "लाल काठ भाईर दिसत व्हता."

धुरपदेनं पडवीचा खांब धरला. म्हणजे ही सगळं जाणून होती. जाणून होती आणि तरी इतकी वर्षं वांझेचा, पोरखाऊचा शिक्का कपाळी घेऊन कुंपणापलीकडं राहिली. का? न विचारताच बानूबाई सांगायला लागली. खडा उचलावा तसा एकेक शब्द वेगळा करून.

"त्या दिशी बी पोरीचा आवाज न्हवता आला. मी कुंपणाशी लई येळ हुबी. काळीज सांगत व्हतं, दार ढकल. आले बी दारापतूर. तितं माझी कुंची बघितली, चिंधीवानी कोंबलेली. राग आला गं मला. म्हणलं, जिला माझं कापड नगं तिच्या दाराला मी कशापायी हात लावू? तशीच माघारी फिरले." तिनं सूप खाली ठेवलं. "तवापसनं आळीत पोर न्हायलं की मी ऐकत हुबी ऱ्हाती. आवाज आला की मग तुळशीला पानी."

धुरपदेनं स्वतःच्या आत राग शोधून बघितला. एवढं ऐकल्यावर यायला हवा होता. सापडला नाही. तिनं सूप उचललं आणि उभ्या उभ्याच उरलेली बाजरी निवडून दिली. मग दोघी सडकेनं वळसा घालून आल्या.

बानूबाई सवयीनं उंबऱ्याबाहेर थांबली. शितलनं तिचा हात धरून आत नेलं, पाटावर बसवलं आणि काळं झबलं घातलेली, हलव्याचे दागिने ल्यालेली प्राची तिच्या मांडीवर दिली. पोर मान ताठ धरून त्या अनोळखी तोंडाकडं टकामका बघत राहिली. बानूबाईनं पहिली ओंजळ डोक्यावरून सोडली. बोरं टपटपली, पोर दचकली, आणि ओठ काढून जी रडायला लागली ती थांबेना. सगळे हसत होते, आळीतली पोरं बोरं वेचायला धावली. बानूबाईनं तेवढे डोळे मिटून घेतले होते.

धुरपदा भिंतीशी टेकून बसली. कितीतरी दिवसांनी बसली होती. बसल्याबरोबर मांडीवर ते आलं, ओंजळीएवढं, ऊबदार. दार सताड उघडं होतं आणि गार वारा आत येत होता. तिनं पदर सारखा केला नाही. उठलीही नाही. दोन्ही हातांचा पाळणा करून ती नातीचं रडणं ऐकत तशीच बसून राहिली.