दूधगंगेच्या पुलावरून

निपाणीच्या बसस्थानकात समताचा आवाज ओळखत नाही असा माणूस विरळाच. गाडी लागली की आधी कानडीत, मग मराठीत ती पुकारा करायची. आई सुलाबाईनं जन्मभर विड्या वळून तिला शिकवलं, आणि लेक परीक्षा देऊन वाहतूक नियंत्रक झाली.

हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या कागलच्या स्थानकात तिच्याच कामावर ज्योतिबा होता. महामार्गावर कोंडी झाली, यात्रेला जादा गाड्या सोडायच्या झाल्या, की दोघं फोनवर जुळवून घेत. ती त्याला अण्णा म्हणायची, तो तिला आक्का. भेट मात्र कधी झालेली नव्हती.

त्या डिसेंबरात भाषेचा वाद पुन्हा पेटला. कुणीतरी एका गाडीला काळं फासलं आणि दोन्ही राज्यांनी आपापल्या गाड्या हद्दीवर थांबवल्या. सकाळी वरून समताला कानडीत फोन आला, "बस बिडबेड्री." म्हणजे हद्दीपलीकडे एकही गाडी सोडायची नाही.

स्थानक माणसांनी गच्च भरलं. गर्दीतून नागेंद्र नावाचा तरुण खिडकीशी आला. मागं बाकावर त्याची आई मालुबाई बसली होती, पाय सुजून खांबासारखे झालेले.

"म्याडम, आईच्या किडन्या गेल्यात, रक्त धुवायला कोल्हापूरला न्यायचं हाय. कालच न्यायचं व्हतं. खासगी गाडीवाला कोण यायला तयार न्हाय."

समतानं मालुबाईकडं पाहिलं. बाई धापा टाकत होती. समतानं कागलला फोन लावला.

"अण्णा, माझी गाडी हद्दीवरच्या दूधगंगेच्या पुलाअलीकडं थांबंल. तुमची पलीकडं उभी करशीला? मानसं पूल चालत वलांडतील. गाडी हद्द वलांडत न्हाय, म्हंजे हुकूमबी मोडत न्हाय."

पलीकडं तक्त्याची पानं चाळल्याचा आवाज आला. मग ज्योतिबा म्हणाला, "आनि वाटंत काय झालं तर, आक्का?"

"तर मी जबाबदार," समता म्हणाली. "मी संगं येतो."

निपाणी पोलीस ठाण्याचे साहेब अर्ध्या पुलापर्यंत शिपाई द्यायला कसेबसे तयार झाले. "फुडं माजी हद्द न्हाय," त्यांनी बजावलं. पुढची जबाबदारी पलीकडच्या पोलिसांची. तसा निरोप ज्योतिबानं त्यांना दिला होता.

पुलाशी गाडी रिकामी झाली. नागेंद्रनं आईला पाठुंगळी घेतलं. समता सगळ्यांच्या पुढं चालत होती. अर्ध्यावर शिपाई थांबले, आणि तेवढ्यात पलीकडच्या टोकाला झेंडे घेतलेल्या पोरांचा घोळका येऊन उभा राहिला. पोलीस एकही दिसेना. समतानं ज्योतिबाला फोन लावला. अंगावरचा गणवेश तिला पहिल्यांदाच जड वाटला.

"अण्णा, तुमचे पोलीस कुठं हायत?"

"येतो म्हणत्यात, अजून आलं न्हाईत."

"मागं फिरू?"

मागं मालुबाईच्या कण्हण्याचा आवाज येत होता. फोनवर ज्योतिबानं कुणाला तरी गाडी चालू ठेवायला सांगितलं.

"फिरू नगा. मीच फुडं येतो."

घोळका बाजूला सारत एक टकलू, पोट सुटलेला, खाकीतला माणूस कानाला फोन लावूनच चालत येताना दिसला. त्याच्या मागून एक दगड आला आणि कठड्यावर आपटून खाली पाण्यात गेला. समताच्या मागची माणसं जागच्या जागी थिजली. कुणाचंतरी लेकरू रडायला लागलं.

"थांबू नगा, चला," समता म्हणाली. आणि तिनं स्वतः पाऊल पुढं टाकलं.

एक दाढीवाला पोरगा आडवा आला. "तिकडची गाडीवाली व्हय तू?"

ती काही बोलणार, एवढ्यात नागेंद्रच्या पाठीवरून मालुबाईच म्हणाली, "लेकरा, आमी मराठीच हाय रं. पर कानडी असतो तरी रक्त धुवावं लागलंच असतं न्हवं? वाट दे."

पोरगा तिच्या सुजलेल्या पायांकडं बघत राहिला. मग त्यानं मागच्यांना हात केला. घोळका फार सरकला नाही, पण एक माणूस जाईल एवढी फट पडली. त्या फटीतून सगळी एकेक करून गेली. शेवटचं माणूस गाडीत चढल्यावर ज्योतिबानं दार लावलं.

"आवाजावनं तुमी लई उंच वाटला व्हता," तो म्हणाला. समताला हसू आलं, आणि मग तिनं गाडीला सुटायची खूण केली.

संध्याकाळपर्यंत मालुबाईचं रक्त धुऊन झालं, धाप उतरली, असा नागेंद्रचा फोन आला.

समताला आठवड्याभरात नोटीस मिळाली. परवानगी नसताना लोकांचा जीव धोक्यात घातला, असा ठपका. तिला खिडकीवरून उठवून डेपोच्या आतल्या खोलीत बसवलं. ज्योतिबालाही तसाच खुलासा द्यावा लागला. दोन महिन्यांनी पुन्हा गाड्या थांबल्या, तेव्हा मात्र दोन्हीकडचे अधिकारी आणि पोलीस एकत्र बसले आणि पुलावर गाडी बदलायची पद्धत ठरली. बैठकीला समताला कुणी बोलावलं नाही. गाड्यांच्या वेळा जुळवायला तेवढा तिला फोन आला.

"तवा भ्याली न्हाईस व्हय गं?" सुलाबाईनं एकदा विचारलं.

"लई भ्यालो," समता म्हणाली. "दगड पडला तवा तर पळून जावं वाटलं. पर मागं मानसं व्हती, पळणार कुठं?"